मांजराचे तोंड खरोखर किती स्वच्छ?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचे लिखित स्वरूप)



वार्षिक सभेतील व्याख्यान म्हटले की हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब अशा भारदस्त विषयाची अपेक्षा केली जाते. कार्यालयातून मला विषय विचारण्यात आला तेव्हा मी ‘मांजराची लाळ’ असे उत्तर दिले आणि दूरध्वनीच्या पलीकडे काही क्षण शांतता पसरली. नंतर अत्यंत सौजन्याने विचारणा झाली, की विषय बदलण्याचा काही विचार आहे काय? विचार नव्हता. हा विषय मी का निवडला, हे सांगितल्यावर आपणही मला क्षमा कराल, अशी आशा आहे.

करंजा येथील एक भगिनी काही काळापूर्वी आमच्या शल्यविभागात आल्या. वयाने माझ्या मावशीसारख्या, म्हणून मी त्यांना मावशी म्हणू लागलो आणि इथेही तसेच म्हणेन. कोळंबी सोलणे आणि जवळा निवडणे हा त्यांचा रोजचा उद्योग. एका संध्याकाळी टोपलीजवळ आलेल्या मांजरीला हाताने बाजूला सारताना ती त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला चावली. मांजर घरचीच होती. रक्ताचे दोन थेंब आले आणि थांबले. मावशींनी त्यावर हळद आणि चुना लावला आणि राहिलेली टोपली निवडून पूर्ण केली. दुसऱ्या दिवशी बोट ठणकू लागले. तिसऱ्या दिवशी संपूर्ण बोट फुगले, अर्धवट वाकलेल्या स्थितीत अडकले आणि ते सरळ करू पाहताच कळ खांद्यापर्यंत जाऊ लागली. चौथ्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या. मी म्हणालो, ‘‘मावशी, चावल्याबरोबर का आला नाहीत?’’ त्यांनी माझ्याकडे काहीशा दयेने पाहिले आणि म्हणाल्या, ‘‘घरचीच मांजर हाय ती, डॉक्टर. तिच्या तोंडान काय इख हाय?’’

त्याच दिवशी त्यांच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. बोट वाकवणारी जी दोरीसारखी कंडरा असते, तिच्याभोवती एक नळीसारखे आवरण असते. त्या आवरणात पू झाला होता. आवरण उघडून धुऊन काढले, शिरेतून औषधे दिली. सहा दिवस त्या आमच्याकडे होत्या. बोट वाचले; परंतु ते आजही तळहाताला पूर्ण टेकत नाही. ज्या हाताला सोललेल्या मालाच्या वजनावर मजुरी मिळते, त्या हाताच्या तर्जनीला हे किती महाग पडते, ते करंजा-मोऱ्याच्या मंडळींना मी समजावून सांगण्याची गरज नाही.

तेव्हा मावशींचा प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवतो. मांजराच्या तोंडात विष आहे काय?

या प्रश्नाला आपल्या परंपरेने दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिलेली आहेत, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. विष्णुस्मृतीत सदैव शुद्ध मानलेल्या गोष्टींची एक यादी आहे. वारा, अग्नी, सूर्याचे किरण, भूमी यांच्या पंक्तीला तेथे मांजरालाही बसविलेले आहे. उलट मनुस्मृतीत मांजराचे उष्टे खाल्ल्यास प्रायश्चित्त सांगितले आहे. इस्लामी परंपरेत मांजराने तोंड लावलेले पाणी अपवित्र होत नाही असे मानतात, आणि त्याचे कारण दिले आहे ते मोठे समंजस आहे: मांजर हा घरात आपल्या अवतीभवती वावरणारा जीव आहे, त्याला टाळणार तरी किती? मला वाटते, विष्णुस्मृतीचाही भाव हाच असावा. वाऱ्याला आणि धुळीला ज्याप्रमाणे घरातून वगळता येत नाही, त्याप्रमाणे मांजरालाही नाही. हे सारे शुद्धाशुद्धतेचे व्यावहारिक नियम आहेत. त्यांना जंतुशास्त्राचे निष्कर्ष समजणे हा त्या ग्रंथांवरही अन्याय आहे. जंतू नावाची वस्तूच तेव्हा कोणी पाहिलेली नव्हती.

माझी आजी यापुढे एक पाऊल गेलेली होती. मांजर स्वतःची जखम चाटून बरी करते, म्हणून तिची जीभ औषधी, असे तिचे मत होते. लहानपणी गुडघा फुटला की आमच्या घरची मनी तो चाटायला येई आणि आजी तिला हाकलत नसे. तिच्या निरीक्षणात सत्याचा अंश नव्हता असे नाही. मांजर हा स्वतःच्या अंगाच्या बाबतीत अत्यंत टापटिपीचा प्राणी आहे. जागेपणीच्या वेळेतला मोठा भाग तो अंग चाटण्यात घालवतो. त्याच्या जिभेवर मागच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात आणि ते आपल्या नखांसारख्याच पदार्थाचे, म्हणजे केराटिनचे असतात. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी असे दाखवून दिले, की या काट्यांची टोके पन्हळीसारखी पोकळ असतात. तोंडातील लाळ त्या पोकळीत आपोआप चढते आणि केसांच्या मुळाशी, थेट कातडीपर्यंत पोचविली जाते. कंगवा आणि पाण्याची पिचकारी एकाच अवजारात असावी, तशी ही योजना आहे.

लाळेतही काही संरक्षक द्रव्ये असतात. पेनिसिलीनचे संशोधक म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली, पेनिसिलीनच्या कितीतरी आधी, लायसोझाइम नावाच्या द्रव्याचा शोध जाहीर केला. अश्रू, लाळ, नाकातील स्राव, अंड्यातील पांढरा बलक यांत ते आढळते आणि काही जंतूंची भिंत ते विरघळवते. माणसाच्या, कुत्र्याच्या, मांजराच्या, सर्वांच्याच लाळेत अशी द्रव्ये कमी-अधिक असतात. जखम चाटल्याने तिच्यातील माती आणि मृत पेशी निघून जातात हेही खरे आहे. ज्या प्राण्याला साबण नाही आणि नळ नाही, त्याच्यासाठी ही चांगली सोय आहे.

परंतु फ्लेमिंग यांच्याच ध्यानात आले होते, की लायसोझाइम ज्यांना मारते ते जंतू बहुतांशी निरुपद्रवी असतात. रोग करणारे बहुतेक जंतू त्याला दाद देत नाहीत. आणि मांजराच्या लाळेने जखमा खरोखर निर्जंतुक होत असत्या, तर पशुवैद्यांचे अर्धे काम कमी झाले असते. दोन बोके भांडले की चार-पाच दिवसांनी त्यांतील एकाच्या मानेवर किंवा शेपटीच्या मुळाशी गळू येते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते गळू दुसऱ्या बोक्याच्या दाताने आलेले असते. तो बिचारा ती जखम दिवसभर चाटत असतो आणि तरीही आत पू होतो. ‘मांजरीचे दात पिलांना लागत नाहीत’ अशी आपल्याकडे म्हण आहे; पण मांजराचे दात मांजराला लागतात आणि चांगलेच लागतात.

मराठीत आपण ‘स्वच्छ’ हा शब्द दोन अर्थांनी वापरतो आणि घोटाळा तेथे होतो. अंगणात झाडू मारला की ते स्वच्छ होते. शस्त्रक्रियेची सुरी मात्र तेवढ्याने स्वच्छ होत नाही, ती निर्जंतुक करावी लागते. मांजर पहिल्या अर्थाने स्वच्छ आहे. दुसऱ्या अर्थाने कोणाचेच तोंड स्वच्छ नसते. माझेही नाही, अध्यक्ष महोदयांचेही नाही. माणसाच्या तोंडात शेकडो प्रकारचे जंतू सुखाने नांदतात आणि मारामारीत समोरच्याच्या दातावर मूठ आपटून झालेली जखम ही शल्यविशारदाच्या दृष्टीने अत्यंत वाईट जखमांपैकी एक असते. प्रत्येक प्राण्याच्या तोंडातील जंतूंची वस्ती वेगळी असते, एवढाच काय तो फरक.

मांजराच्या तोंडातील वस्तीत एक जंतू विशेष महत्त्वाचा आहे. त्याचे नाव पाश्चुरेला मल्टोसिडा. साधारणतः ७० ते ९० टक्के मांजरांच्या तोंडात तो असतो. मांजर आजारी नसते, तिला त्याचा काही त्रास नसतो. तो तिचा बिनभाड्याचा भाडेकरू आहे. १९९९ साली अमेरिकेत प्राण्यांच्या चाव्यानंतर चिघळलेल्या जखमांचा एक काटेकोर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मांजराच्या चाव्याच्या ५७ जखमांपैकी सुमारे ७५ टक्के जखमांत आणि कुत्र्याच्या चाव्याच्या ५० जखमांपैकी ५० टक्के जखमांत पाश्चुरेला गटाचे जंतू सापडले. वेगाचा फरकही लक्षात घेण्याजोगा होता. पहिली लक्षणे दिसण्यास कुत्र्याच्या चाव्यात साधारण २४ तास लागत होते, तर मांजराच्या चाव्यात १२. म्हणजे रात्री मांजर चावली आणि सकाळी बोट लाल होऊन ठणकत असेल, तर पाश्चुरेलाचा संशय सर्वप्रथम घ्यावा.

या जंतूच्या नावामागची कथा सांगण्याचा मोह मला आवरत नाही. लुई पाश्चर यांच्यावरून हे नाव पडले. कोंबड्यांना होणाऱ्या एका पटकीसारख्या रोगाचा जंतू ते १८७९ च्या सुमारास अभ्यासत होते. बरेच दिवस तसेच राहिलेले जंतूंचे मिश्रण कोंबड्यांना टोचले तेव्हा त्या मेल्या नाहीत, आणि पुढे ताजे जंतू टोचले तरीही त्या जगल्या. जंतू दुबळा करून लस बनविता येते, ही दृष्टी पाश्चर यांना येथे लाभली आणि त्याच वाटेने जात १८८५ साली त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरील लस योसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला टोचली. कोंबड्यांच्या त्या रोगाचा जंतू म्हणजे हाच, मांजराच्या तोंडातला पाश्चुरेला मल्टोसिडा. ज्याने मावशींचे बोट अडकवले, त्याच जंतूने माणसाला रेबीजच्या लशीचा रस्ता दाखवला होता.

आता दातांविषयी, कारण खरी हानी लाळ आणि दात मिळून करतात. कुत्र्याचा दात जाड असतो. तो फाडतो, रक्त वाहते, माणूस घाबरतो आणि दवाखाना गाठतो. मांजराचा सुळा मोठ्या सुईसारखा असतो. तो कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे भोक पाडतो आणि खाली कंडरेपर्यंत, सांध्यापर्यंत, कधी हाडापर्यंत पोचतो. चावा बसतो तेव्हा बोट बहुधा वाकलेले असते. ते सरळ केले की कातडीचे भोक एका जागी आणि कंडरेच्या आवरणाचे भोक दुसऱ्या जागी जाते. वरचे तोंड काही तासांत मिटते आणि लाळेतील जंतू आत बंद होतात. हातावर झालेल्या मांजराच्या चाव्यांपैकी निदान एक तृतीयांश चिघळतात असे समजण्यास हरकत नाही. मेयो क्लिनिक या प्रसिद्ध संस्थेने २००९ ते २०११ या तीन वर्षांतील हाताला मांजर चावलेल्या १९३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आहे. त्यांपैकी ५७ जणांना दाखल करावे लागले आणि ३८ जणांवर शस्त्रक्रिया करावी लागली. तेथील सुखवस्तू, सुशिक्षित रुग्णांची ही स्थिती आहे.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. शिक्षण संपवून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हा, दुसऱ्या गावी, एका शाळकरी मुलीच्या हातावरील मांजराच्या चाव्याच्या दोन जखमा मी टाके घालून बंद केल्या. त्या सुबक दिसाव्यात असे तिच्या आईला वाटत होते आणि मलाही माझ्या टाक्यांचा अभिमान होता. तिसऱ्या दिवशी ते टाके मीच उसवले आणि आतला पू मीच काढला. मुलगी बरी झाली. व्रण मात्र टाके न घालता जेवढा राहिला असता, त्याच्या चौपट राहिला. प्राण्याच्या चाव्याची जखम शिवायची नसते हे मी पुस्तकात वाचलेले होते. पण घरच्या मांजरीने केलेली एवढीशी जखम त्या नियमात बसते, असे मला मनातून वाटले नव्हते. मावशींवर मी रागावू शकलो नाही, त्याचे कारण हेच.

औषधांबाबतही एक गोष्ट सांगून ठेवतो. दुकानातून विचारून आणलेल्या किंवा घरात उरलेल्या गोळ्या या जंतूवर बहुधा चालत नाहीत. नेहमी दिल्या जाणाऱ्या सेफालेक्सिन, एरिथ्रोमायसिन यांसारख्या गोळ्यांना पाश्चुरेला पुष्कळदा जुमानत नाही. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल यांचे मिश्रण चालते. ते डॉक्टरांनी रुग्ण पाहून द्यायचे आहे. मधुमेही, यकृताचे रुग्ण, प्लीहा काढलेले, कर्करोगाची औषधे किंवा स्टिरॉइड घेणारे यांनी तर लालसरपणा दिसण्याची वाटही पाहू नये.

आता जंतुदोषापेक्षा कितीतरी गंभीर अशा गोष्टीकडे वळतो. रेबीज, ज्याला आपण पिसाळण्याचा रोग म्हणतो, तो लाळेतूनच पसरतो. आपल्या देशात तो बहुतांशी कुत्र्यांकडून येतो, म्हणून मांजराकडून तो येतच नाही असा एक गैरसमज घरोघरी आहे. पिसाळलेल्या कुत्र्याने मांजराला चावा घेतला तर मांजरही पिसाळते, आणि लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच तिच्या लाळेत विषाणू येऊ लागतात. मच्छीबाजारात, गोदामांच्या आसपास, मिठागरांच्या बांधांवर कुत्री आणि मांजरे एकाच तुकड्यासाठी भांडतात, हे आपल्या तालुक्यात कोणीही पाहू शकतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दरवर्षी सुमारे ५,७०० माणसे या रोगाने मरतात. लक्षणे सुरू झाल्यावर उपाय जवळजवळ नाहीच. पाण्याचा पेला पाहून घसा आवळला जाणारा रुग्ण ज्याने एकदा पाहिला आहे, तो डॉक्टर पुढे कोणत्याही चाव्याला किरकोळ म्हणत नाही. शिकत असताना मी तो पाहिला आहे. त्याविषयी याहून अधिक बोलणे मला जमत नाही.

उरणकरांच्या दृष्टीने या रोगाचा इतिहास खाडीपलीकडे, परळला आहे. पाश्चर यांच्या पॅरिसमधील संस्थेत काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९३ साली भारतात आले. १८९६ च्या प्लेगात त्यांना मुंबईस बोलावण्यात आले, आणि १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये होती. १९२५ साली तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. जाता जाता एक गोष्ट: प्लेगच्या त्याच काळात, मध्य प्रांतात काम केलेले अँड्र्यू ब्यूकॅनन नावाचे सरकारी डॉक्टर, ‘घरोघर मांजर पाळा म्हणजे उंदीर कमी होतील आणि प्लेगही हटेल’ असे १९०८ च्या सुमारास आग्रहाने मांडत होते. तेव्हा मांजराचे आरोग्यशास्त्राशी वैर आहे असे कोणी समजू नये.

मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली रेबीजची जुनी लस आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. पोटावर चौदा इंजेक्शने, रोज एक. त्या काळी येथून त्यासाठी मुंबईस जाणे म्हणजे मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरणे. पावसाळ्यात हवा बिघडली की लाँच बंद आणि इंजेक्शनचा दिवस हुकलेला. आमच्या शेजारचे एक गृहस्थ सहा दिवस गेले आणि सातव्या दिवशी, मांजरच तर होती, म्हणून घरी बसले. त्यांना काही झाले नाही, हे सुदैव. पण त्यांची गोष्ट ऐकून आणखी किती जण घरी बसले असतील, याची मला नेहमी धास्ती वाटते. त्या लशीने काही रुग्णांच्या मज्जासंस्थेवर दुष्परिणामही होत. २००४ च्या अखेरीस ती भारतात बंद झाली. आता दंडावर, स्नायूत दिल्यास पाच वेळा (पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८) आणि कातडीत दिल्यास चार वेळा (०, ३, ७, २८) एवढीच लस घ्यावी लागते. तिला घाबरण्याचे कारण उरलेले नाही. चौदा इंजेक्शनांची भीती मात्र आजही घरात टिकून आहे. परवाच एक तरुण मला पोट दाखवून विचारत होता.

जागतिक आरोग्य संघटनेने प्राण्यांच्या संपर्काचे तीन वर्ग केले आहेत. घरातील मांजराच्या बाबतीत त्यांचा अर्थ असा. धड कातडीवर मांजराने चाटले, तर काहीही करण्याची गरज नाही. हात धुवावा एवढेच. रक्त न येता ओरखडा उठला किंवा उघड्या कातडीला दात लागला, तर लस घ्यावी. कातडी भेदून चावा किंवा ओरखडा बसला असेल, किंवा फुटलेल्या कातडीवर, डोळ्यात, ओठांच्या आतल्या बाजूस लाळ लागली असेल, तर लस आणि तिच्याबरोबर जखमेत भरावयाची तयार प्रतिपिंडे, असे दोन्ही आवश्यक आहे. माझ्या फुटलेल्या गुडघ्यावर मनी जीभ फिरवत असे, ते या तिसऱ्या वर्गात मोडते. आजीला हे सांगण्याची संधी मिळाली नाही आणि मिळाली असती तरी तिने ऐकले असते याची खात्री नाही.

मांजर किंवा कुत्रे ओळखीचे असेल तर दहा दिवस त्यावर लक्ष ठेवता येते. दहाव्या दिवशी ते धडधाकट असेल तर पुढची लस थांबविता येते. पण उपचार पहिल्याच दिवशी सुरू करायचे असतात. दहा दिवस वाट पाहून मग ठरवायचे, असे नाही.

आणि या सर्वांच्या आधी, पंधरा मिनिटे साबण आणि वाहते पाणी. रेबीजच्या विषाणूभोवती एक स्निग्ध वेष्टन असते, ते साबणाने विरघळते. पाश्चुरेलाची संख्याही धुतल्याने घटते. पंधरा मिनिटे हा फार मोठा काळ आहे, घड्याळ लावून पाहा. बहुतेक लोक अर्ध्या मिनिटात थांबतात. हळद, चुना, मिरचीपूड, तंबाखू यांतील काहीही लावू नये. त्यांनी जखम झाकली जाते, आत जळजळ होते आणि जे बाहेर जायला हवे ते आत राहते.

मांजराविषयीचे आणखी काही प्रश्न बाह्यरुग्ण विभागात वारंवार विचारले जातात, त्यांचा थोडक्यात परामर्श घेतो. मांजराच्या केसांनी दमा होतो असे म्हणतात; वस्तुतः त्रास केसांचा नसून बहुतांशी लाळेतील आणि त्वचेतील एका प्रथिनाचा असतो. चाटल्यामुळे ते केसांवर बसते आणि सुकून हवेत उडते. ओरखड्यानंतर काखेत किंवा मानेत गाठ येते, तो आजार मुख्यतः पिसवांमुळे मांजराच्या नखांत जाणाऱ्या जंतूचा आहे. मांजराच्या पिसवा घालवणे हा त्यावरील निम्मा उपाय. गरोदर स्त्रियांना ज्या टोक्सोप्लाझ्माची भीती घातली जाते तो लाळेत नसतो, विष्ठेत असतो, आणि अर्धवट शिजलेल्या मांसातून व न धुतलेल्या भाजीतून येण्याचा संभवही तेवढाच असतो. गरोदर सुनेसाठी घरची मांजर पोत्यात घालून दूर सोडून येण्याचे कारण नाही. मांजराची घाण दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढली म्हणजे पुरे. मांजराने तोंड घातलेल्या दुधाचे काय, असेही विचारतात. ओतून देणे उत्तम. ज्या घरात ते परवडत नाही तेथे निदान खळखळून उकळावे आणि लहान मुलांना देऊ नये.

शेवटी आपल्या रुग्णालयाविषयी. जखमेत भरावयाची प्रतिपिंडे महाग असतात आणि ती रुग्णाच्या वजनानुसार लागतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१७ साली आणलेल्या नव्या पद्धतीच्या प्रतिपिंडामुळे पुरवठ्याची अडचण काहीशी सुसह्य झाली, परंतु खर्च उरतोच. लस शीतपेटीत विशिष्ट तापमानात ठेवावी लागते आणि वीज गेली तरी ते तापमान टिकवावे लागते. जनित्रासाठी देणगी देणाऱ्यांना कदाचित वाटत असेल की आपली देणगी शस्त्रक्रियागृहाच्या दिव्यांसाठी गेली. ती या पेटीसाठीही गेलेली आहे. दात्यांची नावे कोरण्यासाठी पेटीला संगमरवर नाही, म्हणून येथे उल्लेख करतो.

आवारातील मांजरांविषयी विश्वस्तांकडे तक्रारी आल्या आहेत. त्यांना पकडून पुलापलीकडे सोडावे अशी एक सूचना आहे. माझे मत तसे नाही. सोडलेल्यांची जागा नवीन, लस न दिलेली मांजरे घेतात, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. आहेत त्यांचे निर्बीजीकरण करावे, त्यांना रेबीजची लस द्यावी, आणि वॉर्डच्या खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात. रुग्णांच्या नातेवाइकांनी डब्यातील मासळी जिन्यावर त्यांना घालू नये, ही विनंती मी हात जोडून करतो.

मावशी बोट दाखवायला अधूनमधून येतात. त्यांनी मला विचारले होते, मांजर ठेवू की नको? मी ठेवा म्हणालो. तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात लस टोचून आणली आहे, असे त्यांनी मागच्या खेपेस सांगितले. टोचताना ती त्या डॉक्टरांनाही चावली.

अपघात विभागाच्या दारालगत डाव्या हाताला जो नळ आहे, त्याच्याजवळ साबण ठेवलेला असतो. चावा घेतलेला रुग्ण दिवसा येवो वा रात्री, त्याने प्रथम तेथे जखम धुवावी. केसपेपर नंतर काढला जाईल. तशी सूचना आता नोंदणीच्या खिडकीवर लावलेली आहे.